काविळीची माळ

बसंतीबाईनं नातवाच्या गळ्यात घातलेली काविळीची माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली होती. “माळ उतरली का कावीळ उतरते,” असं ती तांड्यात सगळ्यांना सांगायची. सून राखी ऐकून घ्यायची. पोराची पित्तनळी जन्मापासून बंद, म्हणून नागपूरला ऑपरेशन झालेलं. शी पिवळी झाली आणि तीन महिन्यांत रक्तातली कावीळ उतरली, तर लिव्हर टिकेल. नाहीतर घरातल्याच कुणाच्या लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल, असं डॉक्टर बोलले होते. आज तीन महिन्यांनंतरच्या रक्ततपासणीचा त्यांचा फोन आला. कावीळ उतरली नव्हती. “याडी, आता तरी काढा ते माळ,” राखी सासूला म्हणाली. बसंतीबाईनं दातानं दोरा तोडला. “तुमचा तं भरोसा होता माळेवर,” राखी म्हणाली. “लंगोट मीच धुतो ना, पोरी. शी पांढरीच हाये अजून. उद्या नागपूरले गेलो का पहिले मायं रगत तपासाले सांगजो.”