झोपेतले शब्द

“माझ्या होडीत स्वाहिलीच बोलायची,” दोरी ओढून इंजिन सुरू करत बाहाटी म्हणाला. “गेल्या आठवड्यात बोलीवरून दोघांची जुंपली, भर पाण्यात. होडी उलटता उलटता राहिली. सरोवराला कुणाची जात कळत नाही, सगळ्यांना सारखंच गिळतं.”

लोत्सोवेने भावाचा हात घट्ट धरला. ती अकरा वर्षांची, लोकाना चारचा. तिला शाळेमुळे स्वाहिली येत होती. त्याला फक्त घरची, वरच्या डोंगरातली बोली. होडीतली बाकीची चाळीस माणसं काठावरच्या गावांतली, डोंगरातल्यांनी जाळलेल्या गावांतली. काठावरच्यांनीही डोंगरातली गावं जाळली होती. त्यात लोत्सोवेचं घर गेलं आणि घरात आई गेली. पलीकडे युगांडात जायला पाण्याशिवाय वाट उरली नव्हती.

“मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही,” तिने पहाटे त्याला बजावलं होतं. त्याने अजून उघडलं नव्हतं.

“मुका आहे का गं?” शेजारच्या बाईने तिच्या कानाशी वाकून विचारलं. काबागेन्यी तिचं नाव. अंगाला सुकटीचा वास, जवळ ना बोचकं ना माणूस.

“हो, मावशी. जन्मापासून.”

“बरंय. काय पाहिलं ते कुणाला सांगत बसावं लागणार नाही त्याला.” तिने पदराच्या गाठीतून उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडा काढून लोकानाच्या हातावर ठेवला.

समोर निळ्या टोपीचा एक तरुण मांडीवर कोयता घेऊन बसला होता. होडी सुटल्यापासून तो तेच तेच सांगत होता. म्हातारी आई, पाय अधू, पळता आलं नाही. “त्या डोंगरातल्यांतलं एक सापडू दे. लहान-मोठं बघणार नाही मी.”

ऊन चढलं. लोकाना पेंगायला लागला आणि कलंडून त्याचं डोकं काबागेन्यीच्या मांडीवर पडलं. लोत्सोवे त्याला ओढायला गेली.

“राहू दे. तुझ्या हाडांपेक्षा बरी उशी आहे.”

दुपारी बाहाटीने तेल भरायला इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. फळ्यांवर पाण्याचे चापट्या मारल्यासारखे आवाज तेवढे येत होते. त्या शांततेत लोकाना झोपेत ओरडला, त्याच्या बोलीत:

“आई, दार उघड! आई!”

काबागेन्यीचा हात त्याच्या तोंडावर पडला.

“कोण बोललं?” तरुण उठला. होडी डचमळली, बायका किंचाळल्या.

“बस खाली, गाढवा!” बाहाटी गरजला.

“त्यांची बोली होती ती! पोराचा आवाज होता!”

“माझ्या पोराचा,” काबागेन्यी म्हणाली. “वीस वर्षं डोंगरातल्या बाजारात सुकट विकली मी, पोरं पाठीला बांधून. पोरं काय, ऐकतात ते उचलतात. अंगात ताप आहे त्याच्या, बरळतोय.”

“तुझा आहे हा?”

“माझा. ही पण माझी. दोनच ठेवलीत देवानं. तीही हवीत तुला?”

तरुणाने कोयता खाली घेतला. मग बसला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

इंजिन पुन्हा सुरू झालं. काबागेन्यीचा हात मात्र होता तिथेच होता. लोकाना जागा झाला होता. हाताच्या वर त्याचे डोळे मोठे मोठे होत चालले होते. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती, आणि तिची बोटं त्याच्या गालात रुतत चालली होती.

“मावशी,” लोत्सोवे कुजबुजली, “त्याला श्वास...”

तिला ऐकू गेलं नाही.

“मावशी!”

हात निघाला. लोकानाच्या गालावर चार बोटं उमटली होती. काबागेन्यीने तो हात स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत बाहेर काढला नाही.

काठावर निर्वासितांच्या नोंदणीचा तंबू होता, तंबूपुढे रांग. लोत्सोवे भावाला कडेवर घेऊन काबागेन्यीच्या मागे उभी राहिली.

“माझ्यामागे येऊ नका,” काबागेन्यी म्हणाली.

“मावशी, तुम्ही वाचवलंत ह्याला.”

“हो.” ती वळली नाही. “माझी पोरं दाराआड लपली होती, तेव्हा बाहेरची माणसं हीच बोली बोलत होती. ह्याने तोंड उघडलं की मला ती माणसं ऐकू येतात. ह्याची चूक नाही. तुझी पण नाही. पण मागे येऊ नका.”

रांग पुढे सरकली.

“नाव?” टेबलामागच्या माणसाने विचारलं. तिने सांगितलं.

“बरोबर कोण आहे?”

“कोणी नाही.”

पुढचा नंबर लोत्सोवेचा होता. ती बाजूला झाली. “तुम्ही व्हा पुढे, आजी,” ती मागच्या म्हातारीला म्हणाली. मग म्हातारीच्या मागच्या माणसालाही तिने पुढे जाऊ दिलं. आणि त्याच्या मागच्यालाही, काबागेन्यी दिसेनाशी होईपर्यंत.