थांबणारी घोडी

पहिल्या पिंपाशी घोडी पुन्हा थांबली. लेकीने टाच मारली, तरी घोडी ढिम्म हलेना.

"मॅडम, ही घोडी कसली, हा तर पाळणा आहे," क्लबात घोडेस्वारी शिकवणारे सर मला हसत म्हणाले. "या शर्यतीत तिन्ही पिंपांना वळसा घालून सुसाट परत यायचं असतं. वळताना पोरगी जरा कलली की ही थांबते. ती खोड मोडा."

त्या खोडीसाठीच तर मी तिला घेतलं होतं. महाबळेश्वरला दहा वर्षं पर्यटकांची मुलं फिरवणारी घोडी. आमच्या अख्ख्या खानदानात घोडा पहिलाच, म्हणून मी घोडेवाल्याला शंभर प्रश्न विचारले होते. तो म्हणाला होता, "ताई, निर्धास्त राहा. लेकरू घसरायला लागलं की ही जागची हलत नाही."

पण क्लबातल्या बाकीच्या आया विचारायच्या, "तुमची फोटोसाठी थांबते का हो?" लेक घरी येऊन रडायची. शेवटी मीच छडी घेतली. रोज सकाळी लेक मुद्दाम कलायची. घोडी थांबली की छडी, धावली की गुळाचा खडा. दोन महिन्यांत ती थांबायचं विसरली.

स्पर्धेत तिसऱ्या पिंपाशी लेकीचा पाय रिकिबीतून सुटला. या वेळी ती खरोखर कलली. घोडीचं पाऊल क्षणभर अडखळलं. तिने कठड्याशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला.

लेक मातीत पडली, हात भलत्याच बाजूला वळलेला. मी कठडा ओलांडून तिच्याकडे धावले. मधेच घोडी आडवी आली आणि माझ्या तळहातात गूळ शोधू लागली.