दगड खाली केव्हा पोहोचेल?

"गाणं नाही, विणकाम नाही. आलेल्या माणसांना दाखवायचं काय, तर दगड किती वेळात पडतो ते!" मालनआत्या नीलाच्या अंबाड्यात आकडा खुपसत पुटपुटली.

"आत्या, केसांत खोच गं, डोक्यात नको."

"डोक्यात जागा कुठे आहे तुझ्या? पुस्तकं कोंबलीत नुसती."

बाहेरच्या खोलीत घाटकोपरचे श्यामकांतराव मुलाला, विद्याधरला, घेऊन येऊन बसले होते. त्यांच्या पत्रात ना पत्रिकेची मागणी होती, ना मानपानाचा शब्द. मुलगी इंटर सायन्सला असावी आणि फिजिक्स पक्कं असावं, एवढीच अट. नीलाच्या बाबांनी ते पत्र मुलुंडच्या अख्ख्या चाळीला वाचून दाखवलं. मुलगा प्रोफेसर असणार, असं चाळीनं ठरवलं आणि बाबांनी ते मान्य केलं. मुलीकडच्यांनी मुलाला प्रश्न विचारायचे नसतात, त्यामुळे विचारलं कोणीच नाही.

नीलाला मात्र प्रोफेसर नको होता, बी.एस्सी. व्हायचं होतं. लग्न ठरलं की कॉलेज बंद, हे बाबांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. म्हणून तिनं पक्कं ठरवलं होतं, सगळी उत्तरं चुकवायची.

ती पाटावर येऊन बसली. विद्याधरनं मान वर केली नाही. त्याच्या गुडघ्यावर वही होती आणि पेन्सिलीला छान टोक केलेलं होतं. श्यामकांतरावांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"गच्चीवरून दगड सोडला. तीन सेकंदांत खाली आला. गच्ची किती उंच?"

चूक, नीला, चूक, तिनं स्वतःला बजावलं.

"एकशे चव्वेचाळीस फूट," तोंड म्हणालं.

"अगं बाई! एवढी उंच गच्ची आमच्या मुलुंडात नाही हो," आत्या दारातून म्हणाली. बाबांनी डोळे वटारले.

"बरोबर," श्यामकांतराव म्हणाले. "आता सावकाश समजावून सांग. काहीही न येणाऱ्याला सांगावं तसं."

"गुरुत्वाचा जी बत्तीस. त्याचे निम्मे सोळा. वेळेचा वर्ग नऊ. सोळा नवे एकशे चव्वेचाळीस."

विद्याधर भराभर लिहीत होता. गुण मांडतोय वाटतं, नीलाच्या मनात आलं. मांड म्हणावं.

"आता हे बघ. इमारत ऐंशी फूट उंच. तिच्यावरून दगड सरळ वर फेकला, सेकंदाला चौसष्ट फुटांच्या वेगानं. जमिनीवर केव्हा पडेल? कागद घे हवा तर."

चुकायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. पण नीलानं डोळे मिटले आणि तिला तो दगड वर जाताना दिसला. दिसल्यावर त्याला अधांतरी सोडून देणं तिच्यानं होईना.

"कागद नको. आधी त्याला वर जाऊ द्या. दर सेकंदाला त्याचा वेग बत्तीसनं कमी होतो, म्हणजे दोन सेकंदांत तो थांबला. तोवर चौसष्ट फूट चढला. आता जमीन किती खाली? ऐंशी आणि चौसष्ट, एकशे चव्वेचाळीस. तेवढं पडायला तीन सेकंद लागतात, ते आत्ताच झालं की. दोन आणि तीन, पाच सेकंद!"

पेन्सिल थांबली. विद्याधरनं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"एवढंच?" तो हळूच म्हणाला.

बाबांनी मांडीवर थाप मारली. आत्याला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तिनं पदर सावरून विचारलं, "आहे की नाही हुशार आमची नीला?"

"पसंत!" श्यामकांतराव कागदाची घडी घालत म्हणाले. "वैशाखातला मुहूर्त धरू. कॉलेज आता पुरे. पण गणितं सोडायची नाहीत हं. रोज संध्याकाळी दोन तास, घरातल्या घरात."

बाबा हसत मान डोलावत होते. सगळी उत्तरं बरोबर देऊन आपण कॉलेज घालवलं, हे नीलाला कळलं. मग घालवायला उरलं तरी काय?

"एक प्रश्न मी विचारू?"

आत्याच्या हातातल्या बशा खणखणल्या.

"नीले!" बाबा म्हणाले.

"तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकवता?" तिनं थेट विद्याधरलाच विचारलं.

श्यामकांतराव छताकडे पाहू लागले. विद्याधर वही बंद करून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मी शिकवत नाही. आमच्या घरून चार मास्तर पळाले. पळून जाता येणार नाही असा मास्तर हवा, म्हणून बाबा सून शोधतायत. " तो नीलाच्या बाबांकडे वळला. "काका, यांचं कॉलेज बंद करू नका. फिजिक्समध्ये चार वेळा नापास मी झालोय."