सात नंबरची काच

सोमवारी नऊला शटर वर केलं, तेव्हा काच पुन्हा तडकलेली होती.

फ्रेमवालीने खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. मागच्या भिंतीला टेकवलेला चौकटीचा मोठा आरसा बाजूला केला आणि हात न लावता नुसतं पाहिलं. भिंतीतल्या उभ्या भेगेवर आडवी चिकटवलेली वीतभर काचपट्टी, तिच्यावर काळ्या शाईत सात हा आकडा, आणि बरोबर मधोमध केसाएवढी चीर.

"किती दिवस टिकली?" बाबांनी मागून विचारलं.

"दोन. शनिवारी दुपारी तर लावली."

पहिली काच दोन महिने टिकली होती. दुसरी एक महिना, मग तीन आठवडे, मग नऊ दिवस, मग पाच. भेगेत आधी कागदाची कड जायची, मग नख जायला लागलं. आता नाणं जात होतं.

रस्त्याखालून मेट्रोचं भुयार खणायला घेतलं, तेव्हा पालिकेच्या इंजिनिअरने गल्लीतल्या बाराही दुकानांत दुकानाचा नंबर घालून अशी एकेक काच लावली. भिंत हलली की भेग रुंदावणार, भेग रुंदावली की काच फुटणार, आणि काच फुटली की त्याच दिवशी दुकानाला कुलूप. दर सोमवारी अकराच्या ठोक्याला तो यायचा, भेग न मोजता नुसत्या काचा बघायचा. चावीवाला पहिल्याच महिन्यात गेला. मग शिंपी, मग छापखानेवाले काका. अकरा दुकानं बंद झाली, आणि त्यांच्या मागच्या खोल्यांतली बिऱ्हाडं पालिकेच्या मंडपात जाऊन पडली.

काच कापता येणारी गल्लीत ती एकटीच. हिरकणीच्या कटरची एक रेघ, दोन्ही अंगठ्यांचा हलका दाब, की पट्टी मोकळी. जाडी तीच. इंजिनिअरच्या वळणाचा सातही तिला आता डोळे मिटून काढता आला असता.

पालिकेचं पत्रक दर पंधरवड्याला शटरखालून आत सरकायचं. 'भुयाराच्या कामाची प्रगती समाधानकारक. छोट्या व्यावसायिकांना पर्यायी जागा देण्याचा विचार सुरू.' बाबा ते वाचत नसत. वीस वर्षांपूर्वी रस्तारुंदीत त्यांचं पहिलं दुकान गेलं, तेव्हापासून तो विचार सुरूच होता. आजचं पत्रक त्यांनी घडीसुद्धा न मोडता गोंदाच्या डब्याखाली सारलं.

तिने फुटकी पट्टी खरवडून काढली, नवी बसवली. तेवढ्यात भिंत घरघरली. छताचा पोपडा सुटून तिच्या केसांवर पडला.

"आज फारच गुरगुरतंय," ती म्हणाली.

"खाली राक्षस जेवायला बसलाय. आपण वाढायला थोडेच जातोय? काम कर."

"बाबा, आज सांगून टाकू या का?"

"काय सांगणार? दोन महिने साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकली म्हणून? दुकान तर जाईलच, वर हातात बेड्या."

"आणि भिंत खाली आली तर?"

"आली तर आपल्या दोघांवर येईल. वरचा नाचाचा क्लास धुळीला कंटाळून कधीच गेला. वर कुलूप, मागे बोळ. दुसऱ्या कुणाचं काय जातंय त्यात?"

दोन महिने हेच वाक्य उशाशी घेऊन ती झोपत होती.

दहा वाजता गोंद वाळला. तिने आरसा पुढे ओढायला हात घातला आणि तिच्या डोळ्यांदेखत काच बोलली. टिक्.

दोन दिवस नाही, एक तास. ती भेगेकडे बघतच राहिली. आत काहीतरी श्वास घेत असावं, तशी भेग किंचित मिटली आणि पुन्हा उघडली.

"बाबा, बाहेर जाऊन बसा."

"का?"

"बसा म्हणते ना!"

बाबा जागचे हलले नाहीत. तिने नवी काच घेतली. घाईत रेघ वाकडी गेली, पट्टी मोडली. दुसरीही मोडली. तिसरी कशीबशी बसली तेव्हा अकराला दहा कमी होते. साताची शाई अजून ओली होती.

अकराला इंजिनिअर आला, पण एकटा नाही. बरोबर फाइल छातीशी धरलेल्या एक चष्मेवाल्या बाई होत्या आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. पकडलं, तिला वाटलं. फोटोसकट.

इंजिनिअर गुडघ्यांवर बसला. खिशातून भिंग काढलं. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"ताई, ही काच—"

"साहेब, मी सांगते—"

"मॅडम, बघा! मी म्हटलं नव्हतं?" तो वळून बाईंना म्हणाला. "चार महिन्यांत एकदाही तडकली नाही. बारांत ही एकच."

चष्मेवाल्या बाई हसल्या. "पत्रक मिळालं ना तुम्हाला?"

भिंत पुन्हा घरघरली. या वेळी खिळ्यावरच्या रिकाम्या चौकटी एकमेकींवर आपटल्या. फ्रेमवालीने टेबल घट्ट धरलं. दुकान, बेड्या, बाबा, सगळं मागे पडलं.

"साहेब, आधी ते खालचं मशीन थांबवा," ती ओरडली. "आत्ताच्या आत्ता थांबवा! मग सगळं सांगते मी."

इंजिनिअर बुचकळ्यात पडला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याला हसू फुटलं.

"खालचं? अहो, भुयाराचं काम शुक्रवारपासून बंद आहे." त्याने बोट वर केलं. "वर छापखान्याची मशिनं सरकवतायत. अकराही बिऱ्हाडं काल मागच्या जिन्याने आणली, पोराबाळांसकट. अख्ख्या गल्लीत भरवशाची भिंत एकच, ताई. तुमची."