यादीतलं अनोळखी हृदय

नेट फारच मंदावलं, म्हणून मृदुलाने राउटरची सेटिंग्ज उघडली. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत 'कृत्रिम हृदय' असं नाव दिसलं. ते बंद करायला गेलेलं बोट तिने मागे घेतलं आणि शेजारच्या वाघमोडेकाकांचं दार वाजवलं.

"माझंच गं ते," काका ओशाळून म्हणाले. "माझं नेट सकाळपासून बंद आहे. नेटवरून डॉक्टरांच्या सूचना मिळाल्या नाहीत, तर याचे ठोके चुकतात. तुझ्या नेटला पासवर्ड नव्हता, म्हणून ते आपणहून जोडलं गेलं. काढून टाकतेस का?"

"छे! पण नेट असं उघडं ठेवणं तुमच्यासाठीच धोक्याचं आहे, काका. कुणीही त्यातून हृदयापर्यंत पोहोचेल."

तिने लगेच पासवर्ड घातला, तो काकांच्या हृदयाला दिला आणि नेटच्या वेगाचा पहिला मानही त्यालाच दिला.

संध्याकाळी तिचा सिनेमा अडखळत चालला होता. भिंतीपलीकडे काका मोकळ्या गळ्याने गात होते.