बल्ब विझल्यावर

कुरुंद्यात सकाळपासून लाईट नव्हती. दीपमालानं थर्माकोलच्या खोक्यात उबवायला ठेवलेल्या अंड्यांवरचा बल्ब विझून सहा तास झाले होते.

"गार पडली असतील समदी," ती नवऱ्यावर करवादली. "खोकं आणलं म्हणून ती खुडूक कोंबडी काहून कापली तुमी? बसली असती की अंड्यांवर."

शिवहारनं झाकणाच्या काचेतून पाहिलं. "मीटर साडेसदतीस दाखवून राहिलं. ओलावाबी बराबर हाय."

"बिघडलं असंल."

तिनं दुसरं थर्मामीटर आत ठेवलं. तेही साडेसदतीसवर थांबलं. ओलाव्यासाठी खोक्यात ठेवलेली, सकाळी काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी मात्र अर्धी झाली होती.

अंडी फिरवायला तिनं झाकण जरासं सरकवून हात घातला. काचेखाली नुसती अंडी दिसत होती.

बोटं गरम पिसांखाली शिरली, आणि मनगटावर चोच बसली.