शाबूत कोपरे

निनादने पोस्टकार्ड थोरल्या भावाच्या ताटाशेजारी आपटलं. "वाच. तुझंच अक्षर आहे."

केदारने घास न थांबवता वाचलं. 'धाकटा बंधू निनाद काल वारला. कळावे.' खाली त्याचीच सही होती. कार्ड मिरजेच्या आत्याला गेलं होतं; तिने ते घाबरून निनादकडे धाडलं होतं.

"मी लिहिलेलं नाही."

"लिहिणार आहेस!"

अगाऊ टपाल सुरू झाल्यापासून पत्र लिहायचे कष्ट कोणी घेत नसे. माणूस पुढे काय लिहिणार हे टपालखात्याचं यंत्र ओळखायचं आणि त्याच्याच अक्षरात छापून आधीच पोचतं करायचं. यंत्राचं अजून एकदाही चुकलं नव्हतं.

"आई गेली तेव्हा मला दोन ओळी खरडल्या नाहीस," निनाद ओरडला. "माझं मरण मात्र घाईने कळवतोस! काय शिजतंय तुझ्या डोक्यात?"

"आवाज खाली. माझ्या घरात उभा आहेस."

निनादने कार्ड उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. "आपल्याकडे मयताचं कार्ड कोपरा फाडूनच पाठवतात. याचे चारही कोपरे शाबूत आहेत. म्हणजे यंत्र चुकलंय." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "चुकलंय ना, दादा?"

केदार उठला. त्याने हात धुतले, पंच्याला नीट पुसले. भावाच्या हातातलं कार्ड काढून घेतलं, सावकाश एक कोपरा फाडला आणि कार्ड परत त्याच्या हातात ठेवलं.

"तेवढं हातानेच करावं लागतं," तो म्हणाला.